एक दाता पुढं

१

फटफटीच्या पोटातली साखळी बदलायचं काम मला जेवणाहून आवडायचं. हसा खुशाल. मागच्या चाकाची साखळी काय, ती कुणीही बदलतो. मी म्हणतोय ती आतली. इंजिनाच्या कुशीला एक अरुंद पेटी असते. तिच्यात खाली एक दात्यांचं चाक, वर एक, आणि दोघांना बांधून ठेवणारी ही बारीक साखळी. इंजिनानं श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा, सगळं तिच्या हातात. एक दाता इकडचा तिकडं झाला की इंजिन खोकतं, किक मारणाऱ्याच्या पायावर उलटी लाथ घालतं, नाहीतर फुगून गप्प बसतं. ते जुळवायचं, झाकण लावायचं, किक मारायची आणि पहिला ठोका ऐकायचा! अंगावर काटा येतो, खरं सांगतो.

लढाई सुरू व्हायच्या आदल्या साली कामथडीला पुणे-सातारा रस्त्याच्या कडेला माझी पत्र्याची शेड होती आणि मागं दोन खोल्यांचं घर. घरात मी, ज्ञानू, आणि माझी आई साळूबाई. बायको रतन बाळंतपणाला माहेरी गेली होती, तिकडं वेल्ह्याच्या अलीकडच्या एका वाडीत. त्याच्या आदल्या साली एक पोटातच गेलं होतं. त्यामुळं या खेपेला आम्ही सगळेच जीव मुठीत धरून होतो.

आमचा आधार म्हणजे भोरचे डॉक्टर केशवराव. ते दर आठवड्याला स्वतःच्या फटफटीवर वेल्ह्याच्या बाजूला फेरी करायचे आणि जाता-येता आमच्याकडं चहाला टेकायचे. वाडीवर थांबून रतनला तपासून येईन, असा शब्द त्यांनी मला दिला होता. म्हणजे ती गाडी धडधाकट राहणं ही माझ्या घरचीच गरज होती. आणि नेमकी तीच गाडी नवरात्रात आतून खळखळायला लागली. साखळी सैल पडली होती.

२

डॉक्टरांनी पुण्याहून नवी साखळी मागवली आणि गाडी माझ्याकडं सोडून मोटारीनं भोरला गेले. मी खंडेनवमीला सकाळीच पेटी उघडली. प्लग काढून त्या भोकातून सायकलची तार आत सोडली, दट्ट्या वर येऊन थांबेपर्यंत इंजिन हातानं फिरवलं. मग वरच्या चाकाच्या ज्या दात्यासमोर पेटीवरची खूण येत होती, त्या दात्याला तेलात कालवलेल्या शेंदराचा ठिपका दिला. खडूची खूण घासलेटानं पुसते, शेंदूर टिकतो. जुनी साखळी तोडली, चाकं तशीच ठेवली आणि हात धुवायला विहिरीवर गेलो.

आई पूजेचं ताट घेऊन ताटकळली होती. पाने, हातोडी, पकड, कानस, सगळं तिनं पाटावर मांडलं होतं. तिनं विचारलं की हे उघडं मशीन पण पुजायचं का. मी लांबूनच ओरडलो की सगळ्याला लाव, काय ठेवू नकोस. आमच्यात औजार पुजलं की त्या दिवशी त्याला हात लावत नाहीत. मी झेंडूची माळ हँडलला अडकवली आणि दिवसभर लोळत पडलो.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर राहवेना. नवी साखळी चढवली, लाल ठिपका खुणेसमोर धरला, कडी ठोकली, झाकण बसवलं आणि किक मारली. पहिल्याच किकेला सुरू! असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. खळखळ गेली होती, ठोका भरीव पडत होता, आणि मूठ जरा पिळली की गाडी पुढं झेपावायची. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रस्त्यावर एक चक्कर मारली आणि उतरताना पोरासारखे हसले. म्हणाले, ज्ञानू, तू हिला तरणी केलीस. मी दिवसभर छाती काढून हिंडलो.

३

पुढच्या फेरीला दुपार कलताना वेल्ह्याकडून येणारा आवाज आईनं आधी ऐकला. नसरापूरच्या बाजूनं ठोका आला, आमच्या वळणावर हळू झाला, शेडीपुढं थांबला. आईनं चहा गाळला. मी हात पुसत बाहेर आलो तर कुणी नाही. रस्ता मोकळा. वाटलं, डॉक्टर थेट पुढं गेले असतील घाईत.

चहा पार गार झाला, त्यावर साय धरली, तेव्हा तोच ठोका पुन्हा वाजला आणि डॉक्टर आले. मी विचारलं, मघाशी कुठं निघून गेला होतात. ते म्हणाले, मघाशी मी नदीपलीकडं होतो. रतन बरी आहे, पायाला थोडी सूज आहे. बातमी चांगली होती, त्या भरात मी बाकीचं सोडून दिलं. आई तेवढी हसून म्हणाली की आवाजाला भूक लागली असंल, तो म्होरं पळत आला.

त्याच्या पुढच्या फेरीला आवाज आला तेव्हा आई भाकरीचं पीठ मळत होती. भाकऱ्या झाल्या, जेवणं झाली, भांडी घासून झाली, मग डॉक्टर आले.

आता मी काही खुळा नाही. नसरापूरच्या बाजूला डोंगर आहेत, वारा कधी खालून वाहतो कधी वरून, दरीत आवाज घुमतो हे मला ठाऊक आहे. पण घुमलेला आवाज मागून येतो. आधी कसा येईल? आणि तो शेडीच्या दारात येऊन थांबेल कसा? मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते भ्यायचं सोडून माझ्याहून जास्त फुलले. म्हणाले, चल, तपासून बघू. तू सारोळ्याच्या पुलापर्यंत जाऊन ये, मी इथं बसून ऐकतो.

मी गेलो. काय सांगू, वाटेत हसूच थांबेना. नीरेच्या पुलावर गाडी बंद केली, कठड्याला टेकून एक अख्खी विडी ओढली, मग परत फिरलो. शेडीशी आलो तर डॉक्टर उभे होते आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी गाडी बंद करून दाराशी उतरलो, खोकलो, असं सगळं त्यांनी आधीच ऐकलं होतं. त्या वेळी मी पुलावर विडी पेटवत असणार.

"पुण्याच्या कॉलेजात माझा मित्र शिकवतो, त्याला आणून दाखवू," डॉक्टर म्हणाले. "अरे, हे जगात कुणी केलेलं नाही."

कुणी केलेलं नाही म्हणे! आणि केलं कुणी, तर कामथडीच्या ज्ञानूनं. जेवताना आईला मी दहादा तेच सांगितलं. ती नुसती हूं हूं करत होती.

४

मग मधलं अंतर फार वाढलं. एकदा आवाज संध्याकाळी आला आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की आदल्या संध्याकाळी त्यांचा यायचा बेतसुद्धा नव्हता. सकाळी एकानं निरोप दिला म्हणून निघाले. म्हणजे त्यांच्या मनात यायच्या आधी ते आमच्या दारात येऊन थांबले होते.

त्या दिवशी ते हसले नाहीत. बाकावर बसले आणि म्हणाले की पेटी उघड, मला आत बघायचंय. मीही उघडायला आतुरच होतो.

झाकण काढलं, साखळी सोडवली आणि घासलेटाच्या ताटात टाकली. वरचं चाक फडक्यानं पुसलं. शेजारशेजारच्या दोन दात्यांवर दोन ठिपके होते. एक माझा शेंदराचा, माझ्याच बोटाच्या वंगणाखाली दबलेला. दुसरा त्याच्या पुढच्या दात्यावर, कुंकवाचा. खंडेनवमीला आईनं लावलेला. तेलात दोन्ही सारखेच तपकिरी झाले होते आणि दसऱ्याच्या घाईत मी आईचा ठिपका खुणेसमोर धरला होता. इंजिन एक दाता पुढं चालत होतं. अशा जुळणीवर ते धड चालायलाच नको होतं, आणि ते तर वाघासारखं चालत होतं. मी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि बशीतला चहा फुंकत म्हणाले की बरोबर करून टाक, उगाच कशाला. मला वाईट वाटलं, पण मान डोलावली.

साखळी ताटातून उचलली. घासलेट माझ्या कोपरावरून ठिबकत होतं. आणि नसरापूरच्या बाजूनं आवाज आला.

त्याच इंजिनाचा. माझा कान मला फसवणार नाही. तो भरीव ठोका, मूठ सोडल्यावर येणारा तो बारीक सुस्कारा. आणि इंजिन माझ्यासमोर उघडं पडलेलं, साखळी माझ्या हातात. आवाज वळणावर हळू झाला. गाडी सांभाळून चालवल्यासारखा फार हळू आला. दारात थांबला. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्ता मोकळा होता, कोंबड्या निवांत उकरत होत्या. स्टँड लावल्याचा खट्ट आवाज झाला.

मग तान्हं मूल रडलं. भरल्या छातीनं, बेंबीच्या देठापासून.

त्या रडण्यावर डॉक्टरांचा आवाज आला. डॉक्टर माझ्यासमोर बाकावर बसले होते, तोंड बंद होतं, बशी ओठापाशी होती.

"साळूबाई, जपून धरा."

५

मी उडी मारली हो! मारणारच. आदल्या साली मेलेलं मूल या हातांनी पुरलं होतं मी. आणि आता माझं पोर माझ्या दारात येऊन रडलं, जिवंत, ठणठणीत! मी डॉक्टरांचे खांदे धरून हलवले, त्यांचा चहा धोतरावर सांडला. मला एकच सुचलं, की हा आवाज त्याच जुळणीचा आहे. दाता मागं घेतला आणि हे येणं हुकलं तर? मी साखळी त्याच कुंकवाच्या ठिपक्यावर चढवायला घेतली. तोंडानं बडबड चालू होती की नाव काय ठेवायचं, बारसं कसं करायचं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे दोन्ही हात पुढं झाले होते, काहीतरी घ्यायला निघाल्यासारखे. ते तिनं हळूच खाली घेतले.

"आन रतन?" ती म्हणाली. "रतनचा आवाज न्हाई आला."

मी म्हणालो की ती मागून येईल, बाळंतीण कुठं फटफटीवर बसते का.

"तेच म्हंते म्या. बाळंतीण सवा म्हैना खोलीतनं हलत न्हाई. तिच्या पदराखालचं पोर उचलून कोन आनतंय? आई आसली तर?"

माझ्या हातातून पकड गळून पडली. डॉक्टरांनी बशी खाली ठेवली. ते पांढरेफटक पडले होते. एवढे शिकलेले, पण तेही आपल्यासारखेच खुशीत होते बहुतेक, आणि आईनं एका वाक्यात दोघांनाही जमिनीवर आणलं.

कुणी काही बोलायच्या आतच वेल्ह्याकडून साताऱ्याला निघालेली कोळशाची लॉरी दारात थांबली आणि माझा मेव्हणा गेनू खाली उतरला. गाडी मिळेना म्हणून तो रात्रीपासून खोळंबला होता. रतनच्या कळा सुरू होऊन फार वेळ झाला होता, मूल आडवं होतं, सुईणीनं हात टेकले होते. तो मला धरून म्हणाला, दाजी, डॉक्टरांस्नी आत्ताच्या आत्ता घेऊन चला.

लॉरी उलट फिरणार नव्हती. बैलगाडी पोचेपर्यंत सगळं संपलं असतं. उरली ती हीच गाडी. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी त्यांच्याकडं.

"जायचं हिच्यावर," ते म्हणाले. "यायचं नाही. काही झालं तरी मी या गाडीवर बसून परत येणार नाही. तुझ्या आईसमोर सांगतो."

मी कुंकवाचा ठिपका खरडून काढला. दट्ट्या वर आणला, तारेनं पुन्हा पारखला, शेंदराचा दाता खुणेसमोर धरला आणि साखळी बरोबर बसवली. इतक्या झपाट्यानं ते काम मी आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

६

गाडी साधी चालली. ठोका सरळ, जरा मळमळलेला, चढावर दम खाणारा. मला तो ऐकून इतकं बरं वाटलं! मी मागं बसलो होतो, डॉक्टरांची बॅग पोटाशी धरून. मार्गासनी गाव मागं पडलं, धुळीनं डोळे भरले, आणि मी मोठ्यानं म्हणत होतो की चल ग बाई, चल.

दिवेलागणीला आत काय चाललं होतं ते मला माहीत नाही. मी बाहेर दगडावर बसलो होतो. रतनचा एकदा मोठा आवाज आला, मग बराच वेळ कसलाच नाही. मग सासूबाई, फुलाबाई, दार उघडून बाहेर आल्या आणि खाली बसून हसायला लागल्या. मुलगा झाला होता. रतन जिवंत होती. डॉक्टर घामानं निथळत बाहेर आले, रक्त बरंच गेलंय म्हणाले, पण आता धोका नाही. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि मग उगाचच गाडीभोवती नाचलो. वाडीतली माणसं बघत होती, बघू दे म्हटलं. हुकवलं होतं आम्ही ते! दारात आलेलं परतवून लावलं होतं!

सकाळी मी पेटी उघडून साखळी काढली आणि नदीच्या डोहात फेकून दिली. गाडी सासूबाईंच्या गोठ्यात कडब्याच्या आडोशाला लावली. डॉक्टर त्यावर हसले आणि रात्री चालत येऊन पोचलेल्या गेनूबरोबर बैलगाडीनं निघून गेले.

पाचवीची पूजा होईपर्यंत मी तिथंच राहिलो. असे दिवस मी पाहिले नव्हते. रतन पडल्या पडल्या माझी थट्टा करायची, म्हणायची की तुमच्या अंगाला घासलेटाचा वास येतो, पोराला ठसका लागंल. पोर गुणी होतं. डोळे उघडून टकामका बघायचं, दूध प्यायचं, झोपायचं. जन्मल्यापासून एकदाही रडलं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या की असं शांत लेकरू नशिबानं मिळतं. मला तर ते रडलं नाही की हायसंच वाटायचं, कारण ते रडणं मला ऐकायचंच नव्हतं.

पाचवीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. रतन जागी होती. आत्याबाईंना म्हणावं काळजी करू नका, असं तिनं सांगितलं. गोठ्यात डोकावलो. गाडी जागेवर होती, इंजिनाला हात लावून पाहिला, गार होतं. साखळीची पेटी उघडी, रिकामी. मग मी चालायला लागलो, आणि वाटेत जो भेटेल त्याला पोरगा झाल्याचं सांगत आलो. गंमत म्हणजे कुणीच तोंड भरून बोलेना. एक ओळखीचा तर खाली मान घालून बाजूला झाला.

७

घरी पोचलो तर आई ओट्यावर पाय पसरून बसली होती. पायांवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ती ते हलकं हलकं हलवत होती.

"आलास?" ती हळू म्हणाली. "काल फटफटीवर आनून दिलं डॉक्टरांनी. म्हनलं, ज्ञानू समदं उरकून मागनं येतोय."

मी हसलो. खरंच हसलो, कारण मला वाटलं म्हातारी शेजारणीचं पोर घेऊन माझी गंमत करतीय. मी सांगायला लागलो की डॉक्टर बैलगाडीनं गेले, गाडीला साखळीच नाही, रतन ठणठणीत आहे, तिनं तुला निरोप दिलाय. आई माझ्याकडं बघत राहिली. तिचे डोळे रडून सुजले होते. मी बोलायचा थांबेना आणि ती मला थांबवेना.

तेवढ्यात लुगड्यातलं मूल रडलं. भरल्या छातीनं, बेंबीच्या देठापासून.

मी खाली बसलो. आईनं ते माझ्या हातात दिलं. उबदार होतं, त्याच्या अंगाला दुधाचा आणि वेखंडाचा वास होता, आणि त्याची हनुवटी रतनची होती. त्यानं माझं बोट धरलं. दुसऱ्याचं मूल असं हातात घेतलं की कळतं, आणि आपलं घेतलं की तेही कळतं. हे माझं होतं. मग पहाटे मी ज्याचा पापा घेऊन निघालो, जे रडत नव्हतं, ते रतनच्या कुशीत काय होतं? आणि मला निरोप देणारी ती—

मी पोर आईच्या पायांवर ठेवलं आणि तसाच रस्त्याकडं वळलो.

"कुठं निघालास?"

रतनकडं, मी म्हणालो. बघून येतो.

"आता काय बघायचं ऱ्हायलंय, लेका," आई म्हणाली. "अग्नी तूच दिलायस की तिला."

ती माझ्या डोक्याकडं बघत होती. टोपी घालायची सकाळी राहून गेली होती आणि वारा टाळूला थेट, केसच नसल्यासारखा गार लागत होता. मी हात वर नेला नाही.